आप्पांच्या प्रमाणपत्रावरचा क्रॉस

कराडच्या आमच्या घरात लोखंडी ट्रंकेच्या तळाशी एक प्रमाणपत्र आहे. आप्पा एसटीत वाहक होते. वाहकाचा बिल्ला मिळवायचा तर प्रथमोपचाराची परीक्षा द्यावी लागते, तसं सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्थेचं ते प्रमाणपत्र. त्यावर आठ टोकांचा एक क्रॉस छापलेला आहे. लहानपणी मला ते फूल वाटायचं, चार पाकळ्यांचं, प्रत्येक पाकळीला टोकाशी खाच पडलेलं.

हातचं कसब जाऊ नये म्हणून आप्पा माझ्यावर सराव करायचे. आजोबांच्या जुन्या धोतराचा एक मोठा त्रिकोण फाडून ठेवलेला होता. त्याची झोळी करून माझा धडधाकट हात गळ्यात बांधायचे आणि गाठ मारताना दरवेळी तेच पुटपुटायचे, "उजवं डाव्यावर, डावं उजव्यावर." ती गाठ ओढली तरी सरकत नाही आणि सोडवायला गेलं की एका झटक्यात सुटते. शाळेत जायच्या आधी मला ती येत होती.

लंडनला आल्यावर दुसऱ्या वर्षी क्लर्कनवेल भागात कामासाठी गेले होते. फॅरिंग्डन स्टेशनातून बाहेर पडून गल्लीबोळांतून चालत निघाले, तर समोर एक दगडी वेस. आपल्याकडे जुन्या गावांना असते तशीच, वर खोल्या, खाली कमान, कमानीतून रस्ता गेलेला. बाजूच्या पाटीवर आप्पांचं फूल. मी तिथंच थांबले. कराडच्या ट्रंकेतली वस्तू इथं लंडनच्या रस्त्यावर कशी, हे विचारायला आत गेले, आणि ते विचारणं अजून संपलेलं नाही. आज मी त्याच संस्थेच्या हिरव्या गणवेशात स्वयंसेवक म्हणून उभी असते.

ती वेस म्हणजे सेंट जॉन्स गेट. १५०४ साली बांधलेली. तिच्या पलीकडे, क्लर्कनवेल रोड ओलांडला की सेंट जॉन्स स्क्वेअर आणि तिथलं चर्च. मूळ चर्च गोल होतं. आता तो गोल भाग उरला नाही, पण चौकाच्या फरशीत वेगळे दगड बसवून त्याची रेघ आखून ठेवली आहे. लोक कॉफीचे कप हातात घेऊन त्या रेघेवरून चालत जातात.

गोष्ट सुरू होते जेरुसलेममध्ये. अकराव्या शतकात तिथं यात्रेकरूंसाठी एक रुग्णालय होतं. जेरार्ड नावाचा एक धर्मबंधू ते चालवायचा. १११३ साली पोपनं त्या मंडळाला मान्यता दिली आणि 'हॉस्पिटलर' हा पंथ उभा राहिला. पुढं त्यांनी तलवार हातात घेतली, धर्मयुद्धं लढली. जेरुसलेम गेलं, मग ऱ्होड्स बेट, १५२२ साली तेही गेलं, मग माल्टा. १७९८ मध्ये नेपोलियननं माल्टा घेतलं तेव्हा राज्य संपलं. पण रुग्णालय कुठेही गेलं तरी त्यांच्याबरोबर गेलं. माल्टात व्हॅलेटाच्या त्यांच्या दवाखान्यात रुग्णांना चांदीच्या ताटवाट्यांतून जेवण दिलं जायचं आणि सरदार स्वतः पाळीपाळीनं वाढायला उभे राहायचे. रुग्णाला ते आपला धनी म्हणायचे. एका सरदारानं पंगतीत वाढपी व्हावं, हे मला चिलखतापेक्षा फार मोठं वाटतं.

इंग्लंडमधली त्यांची शाखा आठव्या हेन्रीनं १५४० साली बंद करून टाकली. ज्या दिवशी ती बंद झाली त्याच दिवशी इथले प्रमुख विल्यम वेस्टन वारले. त्यांच्या समाधीवरची दगडी मूर्ती आज चर्चच्या तळघरात आहे. बाराव्या शतकातलं तळघर, ठेंगण्या कमानी. मूर्ती थोरामोठ्यांची असते तशी झोकदार नाही. बरगड्या दिसणारा, पोट खपाटीला गेलेला मृतदेह आहे तो. हाताला थंडगार लागतो.

आता आपल्या ओळखीचा भाग. एकोणिसाव्या शतकात इंग्लंडमध्ये काही लोकांनी हा पंथ नव्यानं उभा केला आणि १८८८ साली राणी व्हिक्टोरियानं त्याला सनद दिली. आजही ब्रिटनचा राजा त्याचा प्रमुख असतो. पण सनदेच्या अकरा वर्षं आधी, १८७७ मध्येच, यांनी सेंट जॉन ॲम्ब्युलन्स असोसिएशन काढली होती. खाणी, रेल्वे, कारखाने यांत रोज माणसं चिरडत होती आणि डॉक्टर यायच्या आत जीव जात होते. तर मग शेजारी काम करणाऱ्यालाच शिकवू, अशी कल्पना. १८७८ मध्ये वुलिचला पीटर शेफर्ड या लष्करी डॉक्टरनं पहिले वर्ग घेतले. पुढच्याच जानेवारीत तो आफ्रिकेत इसांडल्वानाच्या लढाईत मारला गेला. वर्ग मात्र चालू राहिले आणि भारतातही आले. आपल्याकडे रेल्वेत सेंट जॉनची पथकं आहेत, आणि एसटीच्या वाहकाला बिल्ल्याआधी त्रिकोणी पट्टी बांधता यावी लागते, त्याचं मूळ या क्लर्कनवेलमध्ये आहे. हे कळलं त्या दिवशी मी घरी येऊन बराच वेळ नुसती बसून होते. आप्पांना कुणी परीक्षेत हे सांगितलं नव्हतं.

इथं ड्युटी म्हणजे काय, ते लंडन मॅरेथॉनवरून सांगते. एप्रिलमधली सकाळ, हजारो माणसं बेचाळीस किलोमीटर पळतात. आम्ही वाटेत ठिकठिकाणी उभे. कुणाच्या पोटरीत गोळा, कुणाला चक्कर, कुणाच्या मांड्या घासून सोललेल्या. त्यासाठी आम्ही ग्लोव्हज घालून तळहातावर व्हॅसलीनचा गोळा घेऊन हात पुढं धरतो. पळणारा न थांबता बोटानं ते ओढून घेतो आणि पुढं जातो. पहिल्या वर्षी मला एकदम लोणंदचा मुक्काम आठवला. आषाढीच्या वारीत पालखी आमच्या सातारा जिल्ह्यातून जाते तेव्हा लोक रस्त्यालाच बसकण मारून वारकऱ्यांचे पाय तेल लावून चोळून देतात. ज्याचे पाय आहेत त्याचं नाव कुणी विचारत नाही. इथंही नाव विचारतो ते फक्त माणूस शुद्धीवर आहे का हे बघायला.

मला शिकवलं ते आमच्या युनिटमधल्या एका बाईंनी. इथं सगळे एकमेकांना नावानं हाक मारतात, पण मनातल्या मनात मी त्यांना बाईच म्हणते. आयुष्यभर एका शाळेच्या स्वयंपाकघरात काम केलं आणि तीसच्या वर वर्षं प्रत्येक मोकळा शनिवार ड्युटीला दिला. बाई बोलतात कमी. माणूस खाली पडलेला दिसला की पहिल्यांदा स्वतः गुडघ्यावर बसतात आणि मग बोलायला लागतात. उभ्यानं कुणाला काही विचारायचं नाही, हा त्यांचा नियम. मलाही तीच सवय लागली आहे.

गेल्या वर्षी बाईंना ऑर्डरमध्ये, म्हणजे राणीनं सनद दिलेल्या त्या पंथात, घेतलं. तो सोहळा मी पाहुणी म्हणून पाहिला.

आधी एक सांगते, कारण घरी फोनवर सगळ्यांनी हेच विचारलं. या ऑर्डरमध्ये येण्यासाठी अर्ज करता येत नाही. तुमचं काम बघणाऱ्यांनीच तुमचं नाव सुचवायचं, ते पारखलं जातं, राजाची मंजुरी मिळते आणि लंडन गॅझेट या सरकारी राजपत्रात नाव छापून येतं. पायऱ्या आहेत: मेंबर, ऑफिसर, कमांडर, मग नाइट किंवा डेम, आणि त्याच्याही वर थोडे लोक. पण इथल्या नाइटला 'सर' म्हणत नाहीत. नावापुढं पदवी लागत नाही, कामाचा बोजा तेवढा वाढतो. आणि आता ख्रिस्ती नसलेल्यांनाही सदस्य होता येतं. याखेरीज पदकं आहेत. स्वतःचा जीव धोक्यात घालून दुसऱ्याचा वाचवणाऱ्याला १८७४ पासून जीवरक्षक पदक देतात. दीर्घ सेवेचं पदक वेगळं, काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या फितीचं, ज्यावर अजूनही राणी व्हिक्टोरियाचाच चेहरा आहे. बाईंच्या गणवेशावर ते आधीपासून होतं.

सोहळा त्याच चर्चमध्ये झाला. काळे झगे घातलेल्यांची मिरवणूक आली, प्रत्येकाच्या डाव्या छातीवर पांढरा क्रॉस. झेंडे, ऑर्गनचे सूर, प्रार्थना. मग ज्यांना घ्यायचं होतं त्यांनी उभं राहून सेवेचं वचन दिलं, आणि एकेकाचं नाव मोठ्यानं पुकारायला सुरुवात झाली. नावाबरोबर कुठल्या भागातून आले तेही. डॉक्टर होते, एक लष्करी अधिकारी होते, एक तरुण मुलगा होता. आणि बाई होत्या. त्यांचं पूर्ण नाव मी पहिल्यांदाच ऐकलं.

बाई चालत पुढं गेल्या. बूट ड्युटीचेच, पण आरशासारखे पॉलिश केलेले. आणि मागच्या खिशातून निळ्या ग्लोव्हजची दोन बोटं डोकावत होती. घरून निघताना सवयीनं जोडी खिशात टाकली असणार. छातीवर क्रॉस लागला, काळी रेशमी फीत, चार खाचांत आळीपाळीनं सिंह आणि एकशिंगी घोडा. बाईंचे हात थरथरत होते. रक्तानं भरलेलं डोकं धरताना ते हात मी कधी हललेले पाहिले नाहीत.

मला हा सगळा थाट आवडतो, हे मी मोकळेपणानं लिहिते. स्वयंपाकघरात काम करणाऱ्या एका बाईचं नाव बाराव्या शतकातल्या तळघराच्या डोक्यावर उभं राहून मोठ्यानं घेतलं जातं, झगे घातलेली मंडळी त्यासाठी उभी असतात, हे व्हायलाच हवं. आपल्याकडे वारीत पाय चोळणाऱ्याचं, रात्री घाटात अपघात झाल्यावर चादरीची झोळी करून माणसं वर आणणाऱ्या गावकऱ्यांचं नाव कुणी असं घेत नाही, याचं मला वाईट वाटतं.

पण दुसरी बाजूही लिहायला हवी. याच सरदारांनी धर्माच्या नावानं रक्त सांडलं. माल्टात त्यांच्या गलबतांची वल्ही साखळदंडातले गुलाम मारत होते. आणि ज्या राणीनं सनद दिली ती आमच्यावर राज्य करत होती. चर्चमध्ये बसले होते तेव्हा हे माझ्या डोक्यातून गेलं नाही, जाऊही नये. चांदीची ताटं आणि वल्ह्यांना जखडलेले गुलाम एकाच बेटावर होते. हिरवा गणवेश चढवताना मी दोन्ही मान्य करून चढवते.

आजची ऑर्डर ज्या कामावर जीव टाकते ते पुन्हा जेरुसलेममध्येच आहे. १८८२ साली तिथं त्यांनी डोळ्यांचं रुग्णालय काढलं. १९६० पासून ते पूर्व जेरुसलेममधल्या शेख जर्राहमध्ये आहे, आणि पश्चिम किनारा व गाझामध्येही त्यांनी सेवा उभी केली. बहुतेक रुग्ण पॅलेस्टिनी. धर्म विचारत नाहीत, पैसे नाहीत म्हणून परत पाठवत नाहीत. ज्या शहरासाठी यांच्या पूर्वजांनी तलवारी उपसल्या तिथं आता हे मोतीबिंदू काढतात. माझ्या आजीचे दोन्ही डोळे कराडच्या एका मोफत शिबिरात उघडले होते. पट्टी काढल्यावर तिनं सगळ्यात आधी स्वतःच्या हाताच्या रेषा बघितल्या. त्यामुळे चर्चच्या दारात या रुग्णालयासाठी डबा ठेवलेला दिसला की मी रिकाम्या हातानं पुढं जात नाही.

सोहळ्यानंतर बाहेरच्या बागेत चहा होता. महायुद्धांत गेलेल्या सेंट जॉनच्या लोकांची आठवण म्हणून ती बाग केली आहे. मी बाईंना आप्पांबद्दल सांगितलं, बसमधलं त्यांचं काम, प्रमाणपत्र, धोतराचा त्रिकोण. बाईंनी कप खाली ठेवला आणि छातीवरचा नवा क्रॉस वर करून मला दाखवला. "म्हणजे ते आमचेच," एवढंच म्हणाल्या.

रात्री आप्पांना व्हिडिओ कॉल केला. वेशीचा फोटो दाखवला, वेस्टनची मूर्ती दाखवली, बाईंचा क्रॉस जवळून दाखवला. आप्पांनी चष्मा लावून तो बराच वेळ बघितला. मग उठून आत गेले. मला वाटलं प्रमाणपत्र आणायला गेले. आले ते धोतराचा त्रिकोण घेऊन. आता तो विरून पिवळा पडलाय, कडा दोरा-दोरा सुटलेल्या. आईला समोर बसवलं, तिचा हात गळ्यात बांधायला घेतला.

"तुमच्या त्या बाई गाठ कुठं बांधतात?" आप्पांनी विचारलं.

"ज्या बाजूचा हात दुखावलाय, त्याच बाजूला, गळ्याच्या हाडावरच्या खळगीत," मी म्हणाले.

"मानेच्या मणक्यावर नाही ना?"

"नाही आप्पा."

"उजवं डाव्यावर?"

"मग डावं उजव्यावर."

आप्पांनी गाठ ओढून बघितली, आईच्या बोटांची टोकं गुलाबी आहेत का ते तपासलं, आणि फोन जरा जवळ घ्यायला सांगितला, म्हणजे मला नीट दिसेल.