सरकारी दवाखान्यातच का नेलंत?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. आईला घोणस चावली तेव्हा तिला खाजगीत न नेता तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयात का नेलं, हे मला नातेवाईक विचारतात, शाळेतले सहकारी विचारतात. घरात कुणाला साप चावलाय अशी अनोळखी माणसंसुद्धा रात्री-अपरात्री फोन करून हेच विचारतात. प्रश्नामागचं न बोललेलं वाक्यही मला ऐकू येतं: दोन मुलं कमावती असताना सरकारीत कशाला?

कारण सापाच्या विषावरची लस तिथे होती, आणि ती देण्याची सवय असलेली माणसंही तिथेच होती.

आमच्याकडे कोकणात भातकापणीच्या दिवसांत साप चावल्याची बातमी नाही असा आठवडा जात नाही. कापलेल्या भातात उंदीर येतात, उंदरांमागे घोणस येते. आईने भारा उचलायला हात घातला आणि मनगटाजवळ दंश झाला. वाडीतले दोघं-तिघं भगताकडे चला म्हणाले. एक जण म्हणाला, शहरातल्या मोठ्या हॉस्पिटलात न्या. दादाने कुणाचंच ऐकलं नाही, ग्रामीण रुग्णालयात फोन करून लस आहे ना एवढं विचारलं आणि गाडी काढली. भारतात साप चावून वर्षाला सरासरी ५८ हजार माणसं जातात, असं २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात आहे, आणि त्यातले बहुतेक मृत्यू दवाखान्याबाहेर होतात. कुणी घरी, कुणी भगताच्या अंगणात, कुणी एका खाजगी दवाखान्यातून दुसऱ्याकडे जाताना वाटेत. छोट्या खाजगी दवाखान्यांत ही लस बहुधा ठेवलेलीच नसते. ती महाग असते, आणि रोगी दगावला तर काय, ही त्यांना भीती असते.

त्या रात्री सिस्टरनी काय केलं ते मी शेजारी उभी राहून पाहिलं. आईच्या दुसऱ्या हातातून थोडं रक्त काढून त्यांनी ते काचेच्या कोरड्या परीक्षानळीत भरलं, नळी स्टँडवर उभी केली आणि म्हणाल्या, "वीस मिनिटं हिला कुणी हात लावायचा नाही हं." वीस मिनिटांनी नळी तिरकी केली, तर रक्त पाण्यासारखं वाहिलं. गोठलं नव्हतं, म्हणजे विष रक्तात भिनलं होतं. ना मशीन, ना लॅब, एक काचेची नळी आणि भिंतीवरचं घड्याळ. मग लसीच्या दहा बाटल्या काढल्या. आत पांढरी पावडर असते. तिच्यात पाणी घालून बाटली जोरात हलवायची नाही, फेस होतो, म्हणून सिस्टर एकेक बाटली दोन तळव्यांमध्ये धरून हळूहळू फिरवत होत्या. रिॲक्शन आलीच तर द्यायची ॲड्रिनॅलिनची सिरिंज शेजारी आधीच भरून ठेवलेली. नाग, मण्यार, घोणस, फुरसं या चारही सापांवर एकच लस चालते. ती घोड्यांच्या रक्तापासून बनवतात, त्यामुळे काहींना रिॲक्शन येते. आईलाही आली, अंगावर गांधी उठल्या, थंडी भरली. डॉक्टरांनी सलाईन थांबवलं, इंजेक्शन दिलं, आणि ती सावरल्यावर लस पुन्हा सावकाश सुरू केली. कुणी घाबरलं नाही. ते डॉक्टर वयाने माझ्या धाकट्या भावाएवढे असतील. सहा तासांनी पुन्हा तीच नळी, आणि पुन्हा दहा बाटल्या.

या सगळ्याचे पैसे किती झाले असंही लोक विचारतात. काहीच नाही. आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत १५ ऑगस्ट २०२३ पासून केसपेपरचेसुद्धा पैसे घेत नाहीत.

पण जे खटकलं तेही सांगायलाच हवं, नाहीतर हे उत्तर खोटं ठरेल. आईची लघवी कमी झाली, घोणशीच्या विषाने किडनीवर परिणाम झाला होता. १०८ च्या गाडीने तिला पुढच्या मोठ्या सरकारी रुग्णालयात हलवलं. तिथे खाट नव्हती, पहिली रात्र खाली गादीवर गेली. ते चालून गेलं असतं. पण डायलिसिस करायचं म्हणून कागद पुढे आला, "इथे सही करा," आणि एवढंच. आईला वाटलं, आता जन्मभर मशीनला बांधली गेले. ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली, जेवेना. अखेर वॉर्डातल्या सफाईच्या मावशी तिच्याजवळ बसल्या आणि म्हणाल्या, "आक्का, साप चावल्याले इथं लई येतात. थोडे दिवस मशीन लागतं, मग किडनी आपली आपण चालू होते. गेल्या महिन्यात एक पोरगा चालत घरी गेला." त्यानंतर आई दोन घास जेवली. मावशींनी सांगितलं तसंच झालं. पण हे सांगणं मावशींवर का यावं? उपचारात काही कमी पडलं नाही, कमी पडलं ते बोलणं. इतक्या खाटांमागे इतके थोडे डॉक्टर असले की दोन मिनिटांचं बोलणं सगळ्यात आधी मागे पडतं. याचा मला राग येतो, पण तो त्या डॉक्टरांवर नाही, रिकाम्या पदांवर येतो.

सरकारी नोकरीतले डॉक्टर काय करू शकतात, हे कोकणाने पाहिलेलं आहे. डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात असताना विंचू चावलेल्या रोग्यांच्या उशाशी बसून निरीक्षणं टिपली. पुढे त्यांच्या कामातूनच प्राझोसिन या औषधाचा उपचार आला आणि विंचूदंशाने जाणारी माणसं वाचू लागली. त्याआधी आमच्या आजीच्या पिढीत विंचवाने पोरं दगावत.

म्हणून फोन आला की मी सांगते: साप शोधत बसू नका, करकचून दोरी बांधू नका, कापू-चोखू नका. चावलेला हात-पाय हलू देऊ नका, १०८ लावा, जवळच्या सरकारी दवाखान्यात लस आहे ना विचारा आणि निघा. पुढे पाठवलं तर सही करण्याआधी डॉक्टरांना विचारा, लघवी किती होतेय, क्रिएटिनिन (किडनीचं काम कसं चाललंय ते सांगणारा रक्तातला आकडा) किती आलं, डायलिसिस किती दिवस लागेल. डॉक्टर गडबडीत असतील, तरी विचारा. आणि जे कळेल ते रोग्याला त्याच्या भाषेत, त्याचा हात धरून, तुम्ही स्वतः सांगा.