परतीची गाडी

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. एरवी मी हसून विषय बदलते, कारण प्रश्न दर वेळी तोच असतो: "एवढ्या मोठ्या शहरात राहून, नोकरी सांभाळून तुला हे डोंगर चढणं, रानात रात्र काढणं जमतं तरी कसं?"

खरं उत्तर ऐकून लोक जरा हिरमुसतात. परतीच्या गाडीमुळे जमतं.

डोंगराच्या पायथ्याशी राहणाऱ्याला घाई नसते. आज नाही तर उद्या. मला मात्र रविवारी संध्याकाळची शेवटची गाडी गाठायची असते आणि सोमवारी नऊला खुर्चीत बसायचं असतं. त्यामुळे मी बेत आखते तोच उलट्या बाजूने. गाडी सातची, म्हणजे सहाला खाली उतरलेलं असायला हवं. मग उताराला किती लागेल, माथ्यावर किती थांबायचं, वर जायला किती, असं मागे मागे मोजत गेलं की पहाटे किती वाजता उठायचं ते कळतं. पुष्कळदा ती वेळ इतकी भयानक निघते की मी छोटा डोंगर निवडते. त्यात कमीपणा काही नाही.

हे मोजायला विल्यम नेस्मिथ नावाच्या स्कॉटिश गिर्यारोहकाचा १८९२ सालचा आडाखा अजून कामाला येतो. सपाटीला ताशी साधारण ५ किलोमीटर धरायचे आणि दर ६०० मीटर चढाला एक तास वाढवायचा. १२ किलोमीटरची वाट आणि ९०० मीटर चढ असेल, तर हिशेब होतो तीन तास चोपन्न मिनिटं. पण नेस्मिथसाहेबांना पाठीवर जड सॅक असलेली, आठवडाभर खुर्चीत बसलेली बाई अभिप्रेत नसावी. मी सरळ दीडपट करते. सहा तास.

हा शहाणपणा जन्मजात नाही, हे कबूल करायला हवं. एकदा माथा अगदी हाताशी दिसत होता, म्हणून ठरवलेली वेळ उलटून गेल्यावरही मी पुढे गेले. माथा गाठला, फोटो काढले, आणि उतरताना झाडीत शिरले तोवर सूर्य बुडाला होता. उघड्यावर संधिप्रकाश थोडा वेळ तरी रेंगाळतो, दाट झाडीखाली तोही मिळत नाही. हेडटॉर्च सॅकमध्ये होता, पण त्यातले सेल कधीच संपलेले. मोबाइलच्या उजेडात, एक हात त्यातच अडकलेला, घसाऱ्यावरून बसत बसत खाली आले. गाडी अर्थातच गेली होती. रात्र स्टेशनच्या बाकावर काढली आणि सोमवारी साहेबांना ताप आल्याचं कळवलं. (ताप नव्हता. गुडघे मात्र खरोखर तापले होते.)

तेव्हापासून परत फिरण्याची वेळ मी घर सोडायच्या आधी ठरवते आणि घरी कागदावर लिहून ठेवते: कुठल्या वाटेने जाणार, किती वाजता मागे फिरणार, किती वाजेपर्यंत फोन आला नाही तर काळजी करायची. माथा समोर दिसत असताना घेतलेल्या निर्णयावर माझा विश्वास नाही. त्या वेळी माणूस स्वतःशीच फार गोड बोलतो.

अंधाराची भीती मात्र मी मुद्दाम घालवली. पौर्णिमेच्या आसपास, ओळखीच्या आणि सोप्या वाटेवर रात्री चालायला जाऊ लागले. पौर्णिमेचा चंद्र सूर्यास्ताच्या सुमाराला उगवतो, त्यामुळे उजेड रात्रभर पुरतो. डोळे अंधाराला नीट सरावायला वीस-तीस मिनिटं लागतात आणि कोणी पांढरा टॉर्च तोंडावर मारला की सगळी कमाई बुडते. म्हणून नकाशा बघायला मंद लाल दिवा. आता सेल मात्र दोनदा तपासते.

सरावाचं म्हणाल, तर शहरासारखी सोय नाही. वीस मजल्यांची इमारत म्हणजे, मजल्याला तीन मीटर धरले, तर साठ मीटर. दहा फेऱ्या मारल्या की सहाशे मीटर, म्हणजे नेस्मिथचा तो जादा तास जिन्यातच हजर. खाली येताना लिफ्टचा मोह होतो, पण उतरायचंही जिन्यानेच. उतारावर मांडीचे स्नायू ताणले जात असतानाच भार पेलतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जिना उतरताना कण्हायला लावणारं दुखणं येतं ते बहुतेक त्यातूनच, आणि त्याची सवय आधी केलेली बरी. वॉचमनला सुरुवातीला मी काहीतरी हरवून शोधतेय असं वाटायचं.

बाकी सामानाबद्दल फार बोलत नाही. सॅक दाराशी भरलेली असते, नकाशा मोबाइलमध्ये आधीच उतरवलेला असतो. नेटवर्क नसलं तरी जीपीएस चालतं, बॅटरी संपली की नाही. वीज चमकल्यापासून गडगडाटापर्यंत तीस सेकंदही गेले नाहीत, तर माथ्याचा विचार तिथेच सोडायचा आणि उघड्या धारेवरून उतरू लागायचं.

"माथा न गाठता परत यायला वाईट नाही वाटत?" हा पुढचा प्रश्न. वाटतं ना! भयंकर वाटतं. एक डोंगर आहे, दोनदा गेले आणि दोन्ही वेळा दुपारी दोनला खिंडीतूनच मागे वळले. पहिल्या वेळी धुकं होतं, दुसऱ्या वेळी सोबतची मैत्रीण दमली होती. गाडीत बसल्यावर खिडकीतून तो माथा बराच वेळ दिसत राहतो, तेवढ्यापुरतं शहर लवकर यावंसं वाटतं. या खेपेला शनिवारी रात्रीच पायथ्याशी मुक्कामाला जायचं ठरवलंय. त्याने चार तास हाती येतात.