सेसना 172 घेऊन फ्लोरिडाहून एक्झूमाला

एका इंजिनाच्या विमानातून समुद्र ओलांडायचा तर पहिला हिशेब हा: इंजिन बंद पडलंच तर विमान तरंगत किती लांब जाईल? आमचं सेसना 172 साडेनऊ हजार फुटांवरून, वारा नसेल तर, साधारण 26 किलोमीटर जाऊ शकतं. आम्हाला फ्लोरिडाहून बहामाज या बेटांच्या देशात, तिथल्या एक्झूमा बेटांवर जायचं होतं. फोर्ट लॉडरडेलच्या किनाऱ्यापासून वाटेतलं बहामाजचं बिमिनी बेट आहे सुमारे 90 किलोमीटरवर. दोन्ही किनाऱ्यांचे 26-26 वजा केले तरी मधे दहा-बारा मिनिटं अशी उरतात की खाली गल्फ स्ट्रीम या सागरी प्रवाहाशिवाय काही नाही.

म्हणून लाइफ जॅकेट मागच्या सीटवर ठेवून चालत नाही, ते अंगातच असावं लागतं. राफ्ट, म्हणजे फुगवायचा तराफा, हाताशी, पुढच्या दोन सीटच्या मागे. विमान मी चालवणार होते, नवरा शेजारी बसणार होता. त्याच्याकडून मी क्रम पाठ करून घेतला: पाण्यावर उतरण्याआधी दाराची कडी काढायची, विमान थांबलं की पट्टा सोडायचा, बाहेर पडायचं आणि मगच जॅकेट फुगवायचं. आत फुगवलं तर पाणी भरलेल्या केबिनमध्ये माणूस छताला जाऊन टेकतो, दारापर्यंत पोहोचू शकत नाही. त्याने शांतपणे विचारलं, "आणि तू?" म्हटलं, "मी तुझ्या मागोमाग."

अमेरिकेत किमान 40 तास उड्डाण करून आणि परीक्षा देऊन खाजगी वैमानिकाचा परवाना मिळतो. क्लबचं विमान तासाच्या दराने भाड्याने घेता येतं. त्यामुळे हा प्रवास फक्त श्रीमंतांचा नाही, पण कागदपत्रं भरपूर आहेत. विमानात कोण कोण आहे याची यादी अमेरिकन कस्टम्सला जाताना आणि येताना, दोन्ही वेळा निघण्याआधी किमान एक तास ऑनलाइन द्यावी लागते. कस्टम्सचा वार्षिक स्टिकर, रेडिओचा परवाना, विमान आपलं नसेल तर मालकाचं पत्र, विमा बहामाजमध्ये लागू आहे याची खात्री, आणि बहामाजचं स्वतःचं डिक्लरेशन. हे सगळं आठवडाभर आधी एका फाइलमध्ये लावून ठेवलं की निघायच्या सकाळी फक्त हवामान बघायचं उरतं.

सकाळी लवकर निघालो. किनाऱ्यालगतच उंची घेतली आणि मग पूर्वेला वळलो. गल्फ स्ट्रीम वरून गडद निळा दिसतो, शाईसारखा. बिमिनी मागे पडलं आणि तो निळा जणू कुणी कापून टाकावा तसा संपला. पुढे ग्रेट बहामा बँक. शेकडो किलोमीटरचं हे चुनखडीचं पठार आहे आणि त्यावर बहुतेक ठिकाणी दहा मीटरसुद्धा पाणी नाही. हिमयुगात समुद्राची पातळी शंभर मीटरहून जास्त खाली होती, तेव्हा ही कोरडी जमीन होती. आज वरून तळाची वाळू दिसते, भरती-ओहोटीने तिच्यावर काढलेल्या लाटांच्या नक्षीसकट. सगळ्यात नवल वाटलं ते ढगांचं. पांढऱ्या ढगांच्या पोटाला फिकट हिरवी झाक होती, खालच्या पाण्याची. नवरा फोटो काढायचा थांबला आणि नुसता बघत बसला.

अँड्रोस बेटावरच्या अँड्रोस टाऊनला उतरून कस्टम्स आणि इमिग्रेशन केलं. पहिलं लँडिंग अशा अधिकृत प्रवेशाच्या विमानतळावरच करावं लागतं. थेट मनाला येईल त्या बेटावर उतरता येत नाही. शिक्के पडले आणि पुन्हा टेकऑफ.

अँड्रोसच्या पूर्वेला टंग ऑफ द ओशन नावाची समुद्रातली खोल दरी आहे. उथळ हिरव्या पाण्याच्या कडेवरून तळ एकदम हजार मीटरहून खोल जातो, आणि ती कड विमानातून रेघ ओढल्यासारखी स्पष्ट दिसते. दरी ओलांडली की एक्झूमाच्या छोट्या छोट्या बेटांची माळ सुरू होते. इथे मी मुद्दाम खाली आले, दीड हजार फुटांवर. नॉर्मन्स की नावाच्या बेटाजवळ उथळ पाण्यात एक जुनं मालवाहू विमान पडलेलं आहे. 1970 च्या दशकाच्या अखेरीस कोलंबियन तस्कर कार्लोस लेडरने हे बेट कोकेनच्या वाहतुकीचा तळ केलं होतं. पुढे एक्झूमा केज लँड अँड सी पार्क, 1958 पासूनचं संरक्षित क्षेत्र. तिथे मासेमारीला बंदी आहे. इतकं स्वच्छ, कुणी न ओरबाडलेलं पाणी बघताना आपल्या किनाऱ्यांसाठीही असा हट्ट धरायला हवा, असं फार वाटलं.

आम्ही उतरलो ते एक्झूमातल्या स्टॅनियल की या बेटावर. तिथली धावपट्टी सुमारे 3,000 फुटांची. विमानांना सूचना देणारा कंट्रोल टॉवर नाही. आपण कुठे आहोत, कुठल्या बाजूने उतरतोय हे प्रत्येकाने रेडिओवर स्वतःच सांगायचं आणि इतरांचं कान देऊन ऐकायचं. वारा आडवा होता, डावा पंख थोडा खाली धरून उतरवलं. बेटावर गोल्फ कार्ट फिरतात, धक्क्याजवळ नर्स शार्क पोहत असतात, आणि पोहणारी डुकरं बघायला होडीने शेजारच्या बिग मेजर कीवर जातात. आम्हीही गेलो. डुकरांपेक्षा मला ते पाणीच आवडलं.

बेटावर जेवताना एका वयस्कर वैमानिकाशी ओळख झाली. सप्टेंबर 2019 मध्ये डोरियन चक्रीवादळाने अबाको आणि ग्रँड बहामा उद्ध्वस्त केलं, तेव्हा फ्लोरिडातल्या कितीतरी खाजगी वैमानिकांनी अशाच छोट्या विमानांतून पाणी, औषधं, ताडपत्र्या पोहोचवल्या. तोही त्यांच्यात होता. त्याच्याबद्दल मला मनापासून आदर वाटला. या विमानांचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

परतताना नासाऊला थांबलो, कारण स्टॅनियल कीला इंधन मिळत नाही आणि देश सोडण्याचे सोपस्कारही अधिकृत विमानतळावरच करावे लागतात. अमेरिकेच्या हवाई हद्दीत शिरण्याआधी फ्लाइट प्लॅन चालू आणि ट्रान्सपॉन्डरवर (रडारला विमानाची ओळख सांगणारं यंत्र) हवाई वाहतूक नियंत्रणाने दिलेला कोड हवाच. फोर्ट लॉडरडेलला कस्टम्सच्या चौकोनात विमान उभं केलं, तपासणी झाली, झालं.

फ्लोरिडात परवाना काढलेल्या मराठी मित्रमैत्रिणींनो, जरूर जा. पहिल्या वेळी तिकडे उडालेला इन्स्ट्रक्टर सोबत घ्या. उन्हाळा टाळा, दुपारी वादळी ढग चढतात. बहामाजमध्ये रात्री व्हीएफआर, म्हणजे उपकरणांऐवजी बाहेर नजरेने बघत केलेल्या, उड्डाणाला परवानगी नाही, त्यामुळे सूर्यास्ताच्या बरंच आधी जमिनीवर असाल असा बेत आखा. आणि एक्झूमावरून जाताना हवामान साथ देत असेल तर घाई करू नका.