एका रात्रीत सगळे लोहार

रविवार, रात्री साडेअकरा.

आम्ही बनवतोय त्या गेमच्या कालच्या टेस्टमधला प्रसंग डोक्यातून जात नाही. अकरा जण खेळत होतो. एका मैत्रिणीने आठवडाभर ऐरणीवर घाव घालून लोहारकाम ४० लेव्हलला नेलं होतं. तिने कागद, चामडं, शाई जमवून आपल्या कलेचं पुस्तक बनवलं, जे वाचलं की ती कला लगेच येते, आणि एकाला वाचायला दिलं. त्याने नकला काढल्या, वाटल्या. तासाभरात सर्व्हरवरचे सगळे लोहार! तिच्या दुकानाकडे मग कुणी फिरकलंच नाही. "आता माझं काय काम?" म्हणाली आणि लॉगआउट झाली. फार वाईट वाटलं. पुस्तक ही या गेममधली सगळ्यात मायेची वस्तू व्हावी म्हणून मी महिनाभर खपले होते.

नकलांना आळा घालणं सोपं आहे. माइनक्राफ्ट या गेममध्ये लिहिलेल्या पुस्तकाची नक्कल निघते, त्या नकलेचीही निघते, त्यापुढे मात्र नाही. तसं सकाळीच करून टाकलं. पण दुखणं नकलांचं नाहीच. वाचलं की हातात कला आली, ही मांडणीच चुकलीय.

दुपारी पिंपळगावला मामाकडे गेले. त्याच्या द्राक्षबागेत ऑक्टोबर छाटणी चालू आहे. छाटणीची पुस्तिका मी रात्रीच वाचली होती, म्हणून हौसेने कात्री घेतली आणि काडीवरचे डोळे, म्हणजे कोंब फुटायच्या जागा, मोजू लागले. मामा म्हणाला, "अगं, डोळे नंतर मोज. आधी काडी किती जाड आहे ते बघ." बारीक काडी आखूड कापायची, हे पुस्तिकेत होतं की! मी त्या ओळीखाली रेघसुद्धा मारली होती. पण बोटांत काडी धरून, मामाने दोनदा हात थांबवल्यावर ती ओळ कळली. दहाव्या वेलीपासून त्याने टोकणं सोडलं.

परत आल्यावर नियमच बदलला. पुस्तक वाचून लेव्हल वाढणार नाही. वाचलेल्याला त्या कामाचा सराव दुप्पट फळेल, तोही लिहिणाऱ्याच्या दहा लेव्हल खालीपर्यंतच. म्हणजे ४० च्या लोहाराचं पुस्तक ३० पर्यंत नेईल. पुढचं शिकायला तिच्याच ऐरणीपाशी जाऊन उभं राहायचं. तिचं दुकान पुन्हा गजबजावं, एवढंच मला हवंय.

आणखी एक सुचलंय. आपलं नाशिकचं सार्वजनिक वाचनालय १८४० सालचं. लहानपणी तिथून आणलेल्या जुन्या पुस्तकांत समासात पेन्सिलीने कुणाकुणाचं लिहिलेलं असायचं, मी आधी तेच वाचायचे. गेममध्येही पुस्तकाच्या जोरावर ३० गाठणाऱ्याला समासात एक ओळ लिहिता येईल, आणि पुढच्या नकलेत तीही उतरेल. सध्या पाच ओळींची जागा ठेवलीय. कमी पडेल बहुतेक.

तिचं पुस्तक मी पुसलेलं नाही. बुधवारच्या टेस्टला ते तिच्याच नावाने सर्व्हरवर असेल, समास कोरा.