घरघंटी, गुमास्ता आणि पाऊण किलोवॅट

मुलुंडमधील आमच्या सदनिकेच्या स्वयंपाकघरातून 2021 साली मी भाजणी, मेतकूट आणि चकल्या विकू लागले, तेव्हा मिळालेला पहिला सल्ला होता, ‘आधी गुमास्ता, म्हणजे दुकाने कायद्याखालची नोंदणी, काढून घ्या.’ वास्तविक 1948 चा दुकाने कायदा जाऊन 2017 चा नवा कायदा आला होता आणि दहापेक्षा कमी कामगार असलेल्यांना नोंदणीऐवजी केवळ ऑनलाइन सूचना देणे पुरेसे झाले होते. तरीही लोकांच्या आणि चालू खाते उघडून देणाऱ्या बँकेतील अधिकाऱ्यांच्याही तोंडी शब्द गुमास्ताच राहिला. त्या सूचनेची पोच हाती आल्यावर आपण रीतसर व्यावसायिक झालो, असे मला वाटले.

अन्नपदार्थ असल्यामुळे एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे नोंदणीही केली. वार्षिक उलाढाल 12 लाख रुपयांच्या आत असल्याने पूर्ण परवान्याची गरज पडली नाही. वर्षाला 100 रुपये शुल्क भरले आणि मिळालेला 14 अंकी क्रमांक पाकिटांवर छापून घेतला. लघुउद्योगांसाठीची सरकारी उद्यम नोंदणी विनामूल्य आहे. (तिच्यासाठी पैसे मागणारी, सरकारी भासणारी संकेतस्थळे आहेत, त्यांपैकी एकावर मी जवळजवळ पैसे भरलेच होते.)

हे सगळे कागद व्यवसायाविषयी बोलतात, जागेविषयी नाही, हे आमच्या गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांनी ‘राहत्या घरात हे चालते का?’ असे विचारले तेव्हा ध्यानात आले. त्याचे उत्तर विकास नियंत्रण नियमावलीत, म्हणजे इमारतींचे बांधकाम आणि वापर यांच्या नियमांत, सापडते. मुंबईच्या नियमावलीत घरगुती व्यवसायाची जी व्याख्या आहे, ती मी तीनदा वाचली, कारण एकाच लांबलचक वाक्यात तिने माझे सारे स्वयंपाकघर मोजून घेतले होते. काम घरात राहणाऱ्या कुटुंबीयांनीच, पगारी माणूस न ठेवता करायचे; आत राहण्याखेरीज आणखी काही चालते याची खूण इमारतीबाहेरून दिसू द्यायची नाही; विकायचे ते तिथेच तयार झालेले असावे आणि शेजाऱ्यांना त्यापासून धोका नसावा; यंत्रे घरात एरवी वापरतात तीच असावीत आणि ती विजेवर चालत असतील तर एकूण भार 0.75 किलोवॅटच्या वर जाऊ नये. खाणावळ या व्याख्येत बसत नाही, म्हणजे चकली विकता येते, पण चार माणसांना पंगतीला बसवून पैसे घेता येत नाहीत.

0.75 किलोवॅट म्हणजे साधारण 1 अश्वशक्ती आणि माझी घरघंटी नेमकी तेवढ्याच क्षमतेची आहे. भाजणी दळली जात असताना शेजारी मिक्सर सुरू केला तर मी नियमाबाहेर गेले का, हा प्रश्न मला आजही पडतो. पाटी लावण्याचा बेत मात्र त्याच दिवशी सोडला.

विजेच्या दराबाबत नियम अधिक समजूतदार वाटला. राहत्या घराच्या काही भागात व्यवसाय करणाऱ्याचा वापर महिन्याला 300 युनिटपर्यंत आणि आधीच्या आर्थिक वर्षात 3600 युनिटपर्यंत असेल, तर घरगुती दरच लागू राहतो. गॅसचे तसे नाही, 14.2 किलोचा अनुदानित असो वा नसो, घरगुती सिलिंडर व्यवसायासाठी वापरता येत नाही, त्यासाठी 19 किलोचा व्यावसायिक सिलिंडर घ्यावा लागतो आणि सदनिकेत तो ठेवण्याची कल्पनाच सचिवांना, आणि खरे तर मलाही, रुचली नाही.

मला खरी अडचण जाणवली ती पगारी माणसाच्या अटीत. दुकाने कायदा तेव्हा नऊ कामगारांपर्यंत केवळ सूचनेवर समाधान मानत होता, तर नियमावलीच्या लेखी दिवाळीच्या आधी पंधरा दिवस चकल्या पाडायला येणारी एक मदतनीस आली की माझा घरगुती व्यवसाय संपतो. शेजाऱ्यांना त्रास होऊ नये हा हेतू मला पूर्ण मान्य आहे. तो आवाज, वास आणि वर्दळ यांवर मर्यादा घालूनही साधला असता. एक बाई ओट्याशी उभी राहिल्याने इमारतीचे काय बिघडते, हे मला कुणी पटवून देऊ शकलेले नाही.

तोवर तोडगा मीच काढला आहे. तळणाचे काम, मदतनीस आणि 19 किलोचा सिलिंडर स्थानकाजवळच्या भाड्याच्या गाळ्यात गेले. भाजणी आणि मेतकूट अजून घरी होते, मिक्सर बंद ठेवून.