तुम्ही विचारलंत म्हणून: नक्षी शाबूत असताना टायर का बदलता?

उसाचा हंगाम तोंडावर आला की निपाणीच्या बाजारात, कारखान्याच्या काट्यावर, कुठंही भेटा, हाच प्रश्न. "वहिनी, ट्रॉलीच्या टायरची नक्षी अजून शाबूत आहे की, मग काढता कशाला?" पैसा जास्त झालाय, हा त्यामागचा सूर मला कळतो. झालेला नाही. ऊसतोड टोळीची उचल, म्हणजे आगाऊ रक्कम, देऊन उरतं, त्यातनंच टायर येतात.

ट्रॉलीचा टायर झिजायच्या आधी वयानं जातो. चार-पाच महिने ऊस ओढायचा आणि उरलेलं वर्ष खळ्यावर ऊन-पाऊस खात उभं राहायचं. चाक फिरत असलं की रबरातलं मेण वर येत राहतं, ते टायरला जपतं. उभ्या टायरला ते मिळत नाही. रबर कडक होतं, बाजूला केसासारख्या चिरा पडतात. त्यात आपल्याकडं रिमोल्ड किती! जुन्या टायरवर नवी नक्षी चढवली की वय झाकतं, कमी होत नाही.

२०२१ च्या हंगामातली ती रात्र. डबल ट्रॉली, म्हणजे एका ट्रॅक्टरमागं दोन, तवंदी घाट चढून संकेश्वरच्या अंगाला लागली होती. मागच्या ट्रॉलीचा डावा टायर फुटला. ड्रायव्हरनं कडेला घेतली. आमचा किन्नर, म्हणजे गाडीवरचा क्लीनर, पोरगंच ते, जॅक घेऊन खाली शिरला. कडेची माती भुसभुशीत, वर सगळा ऊस. जॅक कलला, ट्रॉली बसली आणि त्याचं पाऊल खाली सापडलं. मी बेळगावला दवाखान्यात पोचले तेव्हा त्याची आई बाकावर बसलेली. तिनं एवढंच विचारलं, "टायर जुना होता काय?"

दुसऱ्या दिवशी तो टायर अंगणात आडवा टाकून बघितला. नक्षीत करंगळीचं पेर बुडत होतं. बाजूला मात्र चिराच चिरा, फाटल्या जागी आतले धागे बाहेर आलेले. लंबगोल चौकटीत चार आकडे: ३११४. म्हणजे २०१४ सालच्या ३१ व्या आठवड्यात बनलेला.

ड्रायव्हर आजही म्हणतो, "आक्का, टायरचा दोष नव्हं, भरच जास्ती होता." असेलही. हवा कमी आणि भर जास्त असला की टायर तापणारच. नवा टायर त्या रात्री टिकलाच असता, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण टायर फुटला नसता तर जॅक काढावा लागला नसता, हे कुणी खोडून दाखवा. पोरगं आता चालतं, ट्रॉलीवर मात्र येत नाही.

पूर्वी वहीत मीच मांडायची: वर्षात चारच महिने चाक फिरतं, म्हणजे सहा वर्षांचा टायर खरा दोनच वर्षांचा. दुकानदारानं भाव सांगितला की तो हिशोब आजही डोक्यात उभा राहतो, आणि मला दरवेळी त्या हिशोबाशी भांडावं लागतं.

आता हंगाम संपला की ट्रॉली ओंडक्यांवर चढवते, चाकं जमिनीला टेकू देत नाही, वरनं पोती झाकते. हवा बघायची ती निघायच्या आधी, टायर थंड असताना. तापलेल्या टायरातली सोडायची नाही. सहा पावसाळे झाले की टायर काढायचा. आता कर्जावर एकच ट्रॉली घेतलेल्याला हे कुठल्या तोंडानं सांगू? भर कमी कर म्हणावं तर खेपेला तोटा, टायर बदल म्हणावं तर हप्ता चुकतो. याचं उत्तर माझ्याकडं नाही.

यंदा मागच्या ट्रॉलीचे चारही बदलतेय. पुढच्यांवरनं घरात अजून वाद चालू आहे.