राखाडी मस्कत

मस्कतला मी नऊ वर्षं काढली. त्या नऊ वर्षांतले फोटो असतील साठेक, तेही सगळे हर्णैला घरी पाठवायला काढलेले. नव्या गाडीच्या बॉनेटवर हात ठेवून मी, ईदच्या सुट्टीत समुद्रावर मी. मागे मस्कत आहे, पण पुसट. मुलगा खाऊनपिऊन बरा दिसला पाहिजे, एवढंच त्या फोटोंचं काम.

गेल्या हिवाळ्यात आठ दिवस परत गेलो, पाहुणा म्हणून, गळ्यात कॅमेरा. आणि काढलं काय, तर राहायचो त्या इमारतीचा जिना. एसीचं पाणी ठिबकून भिंतीवर उमटलेला हिरवट ओघळ. मत्राहच्या मासळीबाजारातली भलीमोठी सुरमई, तिथली 'कनाद'.

पहिल्या दिवशी सगळ्या भिंती राखाडी आल्या. मस्कत म्हणजे पांढरं शहर आणि कॅमेऱ्याचं उजेड मोजणारं मीटर समोरचं सगळं मध्यम राखाडी धरून चालणारं. लख्ख पांढरं दिसलं की ते आपल्या मनानं उजेड कापतं. एक्सपोजर (आत घ्यायचा उजेड) स्टॉपभर, म्हणजे दुप्पट, वाढवलं की भिंत ताळ्यावर येते. नऊ वर्षांत हे कळलं नव्हतं. तेव्हा भिंतीकडे बघत होतं कोण?

हर्णैत नेमकं उलटं. पावसानं काळवंडलेला जांभा कॅमेरा उगाच फिका करतो, तिथं एक्सपोजर उतरवायचं. शिवाय बुरशी! मस्कतला फक्त धूळ झटकावी लागायची. इथं मागच्या पावसाळ्यात एक लेन्स गेली. तेव्हापासून कॅमेरा घट्ट झाकणाच्या डब्यात, सिलिका जेलच्या पुड्यांसकट, लोणच्याच्या बरणीशेजारी.

परवा पडवीत आत्याला लॅपटॉपवर फोटो दाखवले. सुरमईपाशी ती थांबली. "केवढ्याला दिली रे?" बंदरावरच्या लिलावात तिचं आयुष्य गेलंय, तिला रियालचा भाव सांगून उपयोग नव्हता. मग जिना आला.

"हा कशाला काढलास? आणि तू कुठं आहेस यात?"

"तिसऱ्या पायरीवर बसून तुम्हाला फोन लावायचो. वर खोलीत रेंज नव्हती."

आत्यानं चष्मा वर सरकवला, स्क्रीनजवळ तोंड नेलं आणि बराच वेळ ती पायरी बघितली.

"काढायच्या आधी झाडून तरी घ्यायचास."